वाचकांचे प्रश्न : जुना पी. बी. रोड बघायचा कसा?

गेल्या अंकात मी माझ्या वडिलांच्या मैलाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यातच जाणार आहे. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचे आप्पा पुणे-बंगळूर रस्त्यावर, म्हणजे आपल्या पी. बी. रोडवर, मैलकुली होते. काशीळ आणि उंब्रज यांच्या दरम्यानचा एक मैल त्यांच्या ताब्यात होता. साइडपट्टीचं गवत काढायचं, मोऱ्यांतला, म्हणजे रस्त्याखालनं पाणी जायच्या वाटांतला, गाळ उपसायचा, खड्ड्यात मुरूम भरायचा, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे, अशी त्या मैलाची सगळी कामं त्यांची. पुढं मीही बांधकाम खात्यातच मिस्त्री झालो आणि सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर चौतीस वर्षं काढली. त्यामुळं खाली जे लिहितोय ते बहुतेक चालून, वाकून आणि हात लावून बघितलेलं आहे.

मलकापूर (कराड) येथील वाचक विचारतात : आण्णा, मी सायकल चालवतो. शिरवळपासून कराडपर्यंत जुना हायवे कुठं कुठं शिल्लक आहे? मोबाइलच्या नकाशात सगळा एकच जाड पट्टा दिसतो. शोधायचा कसा?

आधी गावं धरा. चौपदरीकरणाआधी हा रस्ता गावांच्या पोटातनं जायचा. शिरवळ आणि खंडाळा या गावांतला मुख्य रस्ता म्हणजे जुना हायवेच. साताऱ्यात तो वाढे फाट्यावरनं मोळाचा ओढा, पोवई नाका, गोडोली असा शहर चिरत जायचा. कराडात जुन्या कोयना पुलावरनं गावात शिरायचा आणि कोल्हापूर नाक्याला बाहेर पडायचा. मद्रासकडं निघालेले ट्रक पोवई नाक्यावरनं जाताना मी लहानपणी उभं राहून मोजलेत. आज तिथं उभं राहून कुणाला ते खरं वाटणार नाही. हे तुकडे अजून जिवंत आहेत, माणसं रोज वापरतात, त्यामुळं ते शोधावे लागत नाहीत.

तुम्हाला हवे आहेत ते सुटलेले तुकडे, आणि ते पाण्यापाशी सापडतात. कारण समजून घ्या, म्हणजे कुठल्याही जिल्ह्यात गेलात तरी उपयोगी पडेल. जुन्या काळी पूल दगडी कमानीचा. कमान नदीला काटकोनात घातली तर पूल आखूड होतो आणि बांधायला सोपा जातो. तिरकी कमान म्हणजे प्रत्येक दगड वेगळ्या कोनात घडवायचा, ते काम खर्चाचं आणि कटकटीचं. म्हणून रस्ता नदीजवळ आला की आपली सरळ रेष सोडायचा, वळून खाली उतरायचा, नदीला काटकोनात ओलांडायचा आणि पलीकडं चढून पुन्हा आपल्या रेषेला लागायचा. ओढ्यांनाही तेच. नव्या रस्त्याला वेग हवा असतो. तो भराव टाकून, उंच पूल बांधून नाकासमोर जातो. मग ते जुनं वळण अर्ध्या चंद्रासारखं बाजूला पडून राहतं. कुठं दोनशे पावलांचं, कुठं अर्ध्या किलोमीटरचं.

शिरवळपासून कराडपर्यंत सहा नद्या लागतात : नीरा, भुईंजला कृष्णा, साताऱ्याच्या अलीकडं वेण्णा, मग उरमोडी, उंब्रजला तारळी आणि कराडला कोयना. पुढं कोल्हापूरच्या हद्दीवर वारणा. मधले ओढे वेगळेच. प्रत्येक ठिकाणी सर्व्हिस रस्त्यावर थांबा आणि दोन्ही अंगांना बघा. शेतात मध्येच दोन समांतर रांगांत मोठी झाडं दिसली, किंवा आजूबाजूच्या रानापेक्षा हातभर उंच अशी, कुणी न नांगरलेली पट्टी दिसली, की समजा सापडला. पावलांनी रुंदी मोजा. एकपदरी डांबराची रुंदी 3.75 मीटर धरतात, दुपदरीची 7 मीटर. आजच्या हायवेच्या शेजारी ती पट्टी बघितली की छाती भरून येते, की एवढ्याशा रुंदीवर समोरासमोर ट्रक निघून जात होते.

सायकल कडेला लावा आणि डांबराच्या फुटलेल्या कडेपाशी खाली बसा. हे माझं आवडतं काम आहे. कड जिथं तुटलेली असते तिथं रस्ता पापुद्र्या-पापुद्र्यानं दिसतो. वरचं कारपेट बोटभर जाडीचं, उन्हानं करडं पडलेलं. त्याखाली जुना डांबराचा थर, आणखी काळा. मग खडी आणि मुरूम, दाबून दाबून एकजीव झालेले. सगळ्यात खाली सोलिंगचे, म्हणजे पायाचे, काळे दगड. ते नीट बघा. एकही दगड आडवा टाकलेला नसतो. प्रत्येक दगड हातानं उभा बसवलेला, रुंद बाजू खाली, टोक वर, आणि दोन दगडांच्या फटीत चिपा ठोकलेल्या. अशा कामावर बायका असायच्या, डोक्यावर चुंबळ, टोपलीत चिपा. एका तुकड्यावर मी असा दगड हलवून बघायचा प्रयत्न केला. जवळजवळ पन्नास वर्षांनीही तो तसूभर हलला नाही.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसानंतर लगेच गेलात तर गवत कमरेएवढं असतं आणि त्यात पाय टाकणं बरं नाही. हायवे पायी आडवा ओलांडू नका, खालच्या भुयारी मार्गानं पलीकडं जा, भले अर्धा किलोमीटर फेरा पडू दे. आणि फार लांबणीवर टाकू नका. सातारा ते कागल सहापदरीकरणाचं काम चालू आहे, आणि चौपदरीच्या वेळी जे तुकडे वाचले त्यांतले काही या भरावाखाली जाताना मी स्वतः बघितलेत.

सातारा तालुक्यातील एक शेतकरी विचारतात : आमच्या रानाच्या बांधाला जुन्या रस्त्याची दगडी मोरी आहे. रस्ता बंद पडून वीस वर्षं झाली. घडीव दगड चांगले आहेत. ते काढून जनावरांच्या गोठ्याच्या पायाला वापरले तर चालेल का?

दादा, हात जोडून सांगतो, काढू नका.

पहिली गोष्ट, रस्ता वापरातनं गेला म्हणून त्याची जमीन आपोआप आपल्या गटात येत नाही. तलाठ्याकडं जाऊन नकाशा बघा. दुसरी गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. ती मोरी अजून काम करते. वरच्या अंगाचं पावसाचं पाणी जुन्या रस्त्याच्या भरावाला अडतं आणि त्या मोरीतनं पलीकडं जातं. मोरी मोडली की भराव धरण होतो. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुमच्याच उसात तुंबेल, नाहीतर भराव फोडून खालच्या माणसाच्या रानात माती घेऊन जाईल. मग भावकीत भांडण.

आता ती मोरी एकदा आतनं बघा. उन्हाळ्यात, सकाळी, काठी आपटत जा, कारण आत साप असू शकतो आणि वटवाघळं तर असतातच. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवलेले दिसतील, वर रुंद, खाली निमुळते. अगदी मधला तो चावीचा दगड. तो बसला की खालचा लाकडी साचा काढायचा, मग सगळी कमान एकमेकांच्या दाबावर उभी राहते. वरनं जेवढं ओझं, तेवढी ती घट्ट. दगडाच्या तोंडावर बोट फिरवा, टाकीचे घाव हाताला लागतील, तिरके आणि एकसारख्या अंतरानं. सांध्यातला पांढरा चुना नखानं खरवडलात तर त्यात विटेच्या भुकटीचे लाल ठिपके सापडतील. त्याला आम्ही सुरखी म्हणतो. चुनखडी भाजायची, विझवायची, आणि मग चुन्याच्या घाण्यात वाळू-सुरखीबरोबर मळायची. गोल चर, त्यात दगडी चाक, ओढायला बैल. असा चुना वर्षानुवर्षं हवा खाऊन घट्ट होत जातो, पण थोडी लवचीक जात राखून असतो. म्हणून भराव जरा खचला तरी कमान तडकत नाही.

सांध्यात पिंपळ किंवा वड उगवला असेल तर तो मात्र आत्ताच, कोवळा असताना, बुडाशी कापा. उपटू नका, मूळ ओढलं की त्याबरोबर दगड निघतो. सांधे भरायचे झाले तर सिमेंट वापरू नका. सिमेंट दगडापेक्षा आडमुठं, आतलं पाणी बाहेर पडू देत नाही, आणि काही वर्षांत दगडाचेच कपचे उडतात. माझ्या नोकरीत एका ठिकाणी आमच्याच माणसांनी घाईनं सिमेंट लिंपलं होतं. पाचव्या पावसाळ्यात त्या कमानीचा पुढचा दगड फुटलेला मी बघितला, आणि त्या बिलावर मोजमाप घेणारा मीच होतो. ती गोष्ट अजून मनातनं जात नाही.

गोठ्याला दगड लागतील ते खाणीवरनं आणा. मोरी साफ करायला माणूस कमी पडत असेल तर मला कळवा. फावडं घेऊन येतो.

सांगली येथील विद्यार्थिनी विचारते : रस्त्याकडेच्या दगडांना पिवळा, हिरवा असे वेगवेगळे रंग का असतात? आणि जुना रस्ता दगडावरनं ओळखता येतो का?

बाळ, येतो. पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, नारिंगी म्हणजे गावाकडचा रस्ता. तेव्हा एखाद्या शांत गावरस्त्याला पिवळ्या डोक्याचा दगड दिसला तर थांब. एकेकाळी राष्ट्रीय महामार्ग इथनं गेला असणार. त्यावर 4 आकडा असेल तर तो आपला जुना रस्ता, ठाण्यापासून पुणे, सातारा, कोल्हापूर, बंगळूर करत मद्रासला जाणारा. 2010 साली सगळ्या महामार्गांचे आकडे बदलले आणि आपला रस्ता 48 झाला. दगड मात्र 4 च म्हणत उभे आहेत.

त्याहून जुने दगड मैलांचे. मापं बदलणारा कायदा 1956 साली आला आणि पुढच्या काही वर्षांत रस्त्यांवर किलोमीटर आले. त्याआधी मैल, आणि एका मैलात आठ फर्लांग. एक फर्लांग म्हणजे साधारण दोनशे मीटर. दोन मैलांच्या दगडांमध्ये छोटे फर्लांगाचे दगड असायचे, त्यांवर 1 ते 7 असा नुसता आकडा. गुडघ्याएवढा, वर गोल, एकच आकडा कोरलेला दगड बांधाला दिसला, तर तो फर्लांगाचा असू शकतो.

आमच्या आप्पांच्या मैलावरचा मुख्य दगड मला चांगला आठवतो. मोठे साहेब यायचे असले की आधी त्याला चुना लागायचा. शाळेतनं येताना मीही हात मारायचो. आप्पा आधी काथ्यानं घासायचे, मग चुना, मग आकड्याच्या खाचेत बारीक काडीला कापूस गुंडाळून काळा रंग. आकड्याबाहेर थेंब गेला की ओल्या फडक्यानं पुसायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकड्याचं वळण बोटांना पाठ होतं. चौपदरीच्या वेळी तो दगड खडीच्या ढिगावर पडलेला मी बघितला. ठेकेदाराच्या मुकादमाला विचारून मी तो बैलगाडीनं घरी आणला. आता तुळशीजवळ आहे. चुन्याचे थर एका कोपऱ्यात उकलले आहेत. एकावर एक किती, ते मोजत मोजत मी अकरापर्यंत गेलो आणि थांबलो, कारण पुढचा थर काढला असता तर मोजायला राहिला नसता.

तुला असा दगड सापडला तर हलवू नकोस. जागा गेली की दगडाचा अर्थ जातो. माझा दगड ढिगावर होता, म्हणून आणला. फोटो काढ, जवळच्या गावाचं नाव लिही, रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते लिही, आणि ग्रामपंचायतीला सांग की त्यावर जाहिरात रंगवू देऊ नका.

वाई येथील वाचक : खंबाटकीचा जुना घाट पायी उतरावा म्हणतो. जमेल का?

सध्या नको. पुण्याकडं जाणारी गाडी बोगद्यातनं जाते, पण साताऱ्याकडं येणारी वाहनं घाट चढतात, आणि पायी चालणाऱ्याला तिथं जागा नाही. खामजाईच्या देवळापाशी गाडी नीट लावून दर्शन घ्या, दरीकडं बघा, पुरे. नवे जोडबोगदे पूर्ण वापरात आले आणि घाटावरचा भार उतरला, की मी स्वतः तुम्हाला तिथं घेऊन जाईन. पुण्याला जायची त्याहून जुनी वाट बघायची असेल तर सालप्याच्या घाटानं लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड असं दिवे घाटापर्यंत जाऊन या.

पेठ (जि. सांगली) येथील वाचक विचारतात : रस्तारुंदीत झाडं गेली त्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही का? तुम्ही खात्यातलेच ना?

वाटतं. खात्यातला आहे म्हणून जास्त वाटतं, कारण ती झाडं लावली कशी हे मला माहीत आहे.

वड बियांनी लावत नसत. पावसाळ्याच्या तोंडाला हाताएवढ्या जाड फांद्या तोडून आणायच्या, तिरका काप द्यायचा, कापाला शेण लावायचं आणि खड्ड्यात रोवायच्या. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, नाहीतर शेळ्या एका रात्रीत फस्त करतात. दोन उन्हाळे मडक्यानं पाणी. दोन उन्हाळे जगला तर पुढं वड माणसाचं ऐकत नाही, आपला आपण वाढतो. आप्पांच्या मैलावर प्रत्येक झाडाला नंबर होता, खोडावर पांढऱ्या चौकोनात काळा आकडा. चिंचा आणि आंब्यांच्या फळांचा दरवर्षी लिलाव व्हायचा आणि पैसे सरकारजमा. लिलावानंतर झाडाखाली पडलेली चिंचसुद्धा आप्पा आम्हाला उचलू द्यायचे नाहीत. गेरू आणि चुन्याचे पट्टे शोभेला नव्हते. रात्री कंदिलाच्या गाडीला, पुढं ट्रकच्या दिव्याला, रस्त्याची कड दिसावी म्हणून ते होते.

मग मोजणी झाली, तेव्हा तेच नंबर कागदावर चढले आणि त्याच क्रमानं झाडं तुटली. यादी करणाऱ्यांत मी होतो. आप्पा तेव्हा घरी होते, ऐंशीच्या पुढं. संध्याकाळी मी घरी गेलो की ते विचारायचे, "आज कितीपर्यंत आलं?" मी नंबर सांगायचो. ते मान हलवायचे. एकदाही त्यांनी मला बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

रस्ता रुंद व्हायला हवा होता, हे मी मानतो. अरुंद रस्त्यावरचे अपघात मी पंचनाम्याच्या वेळी उभा राहून बघितलेत. पण वळणाचे तुकडे जिथं बाजूला पडले तिथली झाडं तोडायचं काही कारण नव्हतं, आणि अनेक ठिकाणी तीही गेली. जी राहिली ती बघायला वाई-सुरूर रस्त्यावर जा. दोन्ही बाजूंचे वड वर एकमेकांत मिसळलेले आहेत. आपला सगळा पी. बी. रोड एकेकाळी कसा असेल याची कल्पना तिथं येते. तिथल्या झाडांवर पुन्हा रुंदीकरणाचं संकट येतंय. तुम्ही पेठेत राहून रागावण्यापेक्षा दोन ओळींचं निवेदन बांधकाम खात्याला पाठवा. मी माझं पाठवलं आहे. प्रत्येक झाडाचा घेर मोजून जोडला आहे, कारण खात्यात नुसत्या भावनेला उत्तर मिळत नाही, मोजमापाला मिळतं.

सांगलीवाडी येथील वाचक : पुरात जुना पूल बघायला जाण्यात धोका असतो का? आमच्याकडं सगळे आयर्विनवर जातात.

आयर्विन पूल 1929 चा. पाण्याची पातळी तिथंच मोजतात. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. पोलिसांनी अडवलं की मागं फिरा. सुटलेल्या तुकड्यांवरचे लहान जुने पूल तर पुरात अजिबात नकोत. दगडी पूल वरनं दणकट दिसतो, पण त्याचा जीव पायाशी असतो. पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं आणि वर काही कळत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल असाच पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या. कराडचा जुना कोयना पूल बघायचा तर थंडीत बघा. अवजड वाहनं तिथनं बंद आहेत. सकाळी खालच्या पात्रातनं त्याच्याकडं मान वर करून बघा.

उंब्रजजवळच्या गावातून एका भगिनींचं पत्र : आमचं जुन्या हायवेला हॉटेल होतं. यजमान आणि मी तीस वर्षं चालवलं. मद्रासचे, केरळचे ड्रायव्हर रात्री दोन वाजता चहाला थांबायचे. हायवे पलीकडनं गेला आणि वर्षभरात बंद करावं लागलं. यजमान गेले. आता मुलं म्हणतात, ती पत्र्याची शेड पाडून टाकू. जुना रस्ता बघायला येणारे लोक दगड बघतात, पूल बघतात. आमच्या हॉटेलाचं कोण बघणार?

आक्का, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. आमच्या घरातही वाचून दाखवलं.

तुम्ही गावाचं नाव लिहिलंय त्यावरनं मला अंदाज आलाय. चिंचेच्या बुंध्याला टेकलेली शेड, पुढं दोन लाकडी बाकडी, आणि शेजारी ट्रकच्या रेडिएटरला पाणी घालायचा सिमेंटचा हौद, तेच ना? आमचे आप्पा रोज दुपारी तिथं अर्धा कप चहा घ्यायचे. उरलेला अर्धा त्यांना हॉटेलवाले बशीत ओतून द्यायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. आप्पांनी ते घरी कितीदा तरी सांगितलं होतं. तुमचे यजमान होते का ते?

मुलांचं बरोबर असेल. पत्रा गंजला असेल, शेड अंगावर पडायची भीती असेल. पाडायची तर पाडा, पण त्याआधी थोडं थांबा. उधारीच्या वह्या असतील तर जाळू नका. त्यात ड्रायव्हरांची नावं, गाड्यांचे नंबर, कुठल्या गावचा, किती चहा, किती भजी, सगळं असणार. परत येताना देतो म्हणून गेलेले आणि खरंच परत येऊन देऊन गेलेले. तो रस्ता कुठनं कुठं जात होता, काय माल घेऊन जात होता, हे त्या वह्यांइतकं कुठल्या सरकारी कागदात सापडणार नाही. भिंतीवर कुणी मल्याळम नाहीतर तमिळ अक्षरात काही लिहून ठेवलं असेल, त्याचे फोटो नातवाला काढायला सांगा. भावफलक असेल तर तो काढून आत ठेवा. आणि एका संध्याकाळी बसून, रात्री दोनच्या चहाला कोण कोण यायचं, ते आठवेल तसं कुणाला तरी सांगा. लिहून घ्यायला माणूस नसेल तर मी आहे.

तुम्ही विचारलंत, कोण बघणार. या सदराच्या आधारानं दर महिन्याला दहा-बारा माणसं जुन्या रस्त्यावर चालायला जातात, आता त्यांत तरुण मुलंही आहेत. त्यांना मी यापुढं तुमच्या शेडपाशी थांबायला सांगणार आहे, पाडली तरी त्या जागेपाशी. हौद तरी राहू द्या.

पुढच्या रविवारी मी स्वतः येतो, सकाळच्या एसटीनं, फाट्यावर उतरून जुन्या रस्त्यानं चालत. चहा करू नका म्हणणार नाही. पूर्वी चिंचेच्या बुंध्यात एक लोखंडी कडी ठोकलेली होती, बैल बांधायला. ट्रकचा जमाना येऊनही तुमच्या यजमानांनी ती काढली नव्हती. आता बुंधा वाढून ती आत गेली असेल. जमलं तर साल जरा बाजूला करून, ती अजून आहे का, तेवढं बघून ठेवा.